सॅटेलाइट फोन घ्यायचाय? नाशिककरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची माहिती

अमेरिकेहून दिवाळीला येणाऱ्या भाच्याकडून गार्मिनचं इनरीच (उपग्रहावरून मजकूर आणि एसओएस पाठवणारं यंत्र) मागवायचा बेत असेल, तर त्याला आजच नको म्हणून कळवा. उपकरण उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण ते इरिडियमच्या उपग्रहांवर चालतं, आणि इरिडियम किंवा थुराया या परदेशी उपग्रह-सेवांची उपकरणं भारतात परवानगीशिवाय आणणं, बाळगणं आणि वापरणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला इनरीचमुळेच पोलिसांसमोर उभं राहावं लागलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीत देशांतर्गत विमान पकडायला आलेल्या एका ब्रिटिश ट्रेकरवर तीच वेळ आली. त्या बाईंनी तर ते उपकरण स्वतःच तपासणीच्या ट्रेमध्ये काढून ठेवलं होतं. नियम माहीत नव्हता, ही सबब चालत नाही.

परदेशी माहितीपत्रकं वाचून आपण बॅटरी किती टिकते, वजन किती, महिन्याचा प्लॅन केवढ्याला, हे बघत बसतो. भारतात निवडीचा क्रम उलटा आहे. कोणत्या उपकरणाला परवानगी मिळू शकते हे आधी ठरतं, बाकी सगळं नंतर.

परवानगी कशाला लागते, कशाला नाही

उपकरण उपग्रहाकडून फक्त ऐकतं की उपग्रहाकडे काही पाठवतं, एवढंच बघायचं. जीपीएसचं घड्याळ, सायकलचा कॉम्प्युटर, गाडीतला नेव्हिगेटर, मोबाइलमधला नकाशा ही सगळी फक्त ऐकणारी. उपग्रहाचा सिग्नल घेऊन आपण कुठे आहोत हे ती सांगतात, वर काही धाडत नाहीत. त्यांना हा परवाना लागत नाही. नाशिकमध्ये सायकलवाल्यांची काही कमी नाही (महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केल्यापासून तर विचारूच नका), म्हणून हे मुद्दाम सांगितलं. फक्त विमान प्रवासात अशा यंत्राचं मॉडेल नाव सांगता आलं पाहिजे, कारण गार्मिनचं नाव दिसलं की तपासणारा थबकतो.

उपग्रहाकडे काही पाठवणारी यंत्रं तीन प्रकारची. बोलण्यासाठी सॅटेलाइट फोन, मजकूर आणि एसओएससाठी सॅटेलाइट मेसेंजर (इनरीच, झोलिओ, स्पॉट), आणि फक्त संकटाचा इशारा देणारा बीकन. तिन्हींना परवानगीचा प्रश्न येतो.

आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून एसओएस पाठवायची सोय असते, ती भारतात सुरू नाही. फोन खुशाल वापरा, पण कळसूबाईवर ती सोय कामाला येईल या भरवशावर राहू नका. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला केंद्राचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, म्हणून परदेशातून स्वतः डिश उचलून आणायची मुभा मिळाली असं होत नाही. परवाना कंपनीला आहे, तुमच्या बॅगेला नाही.

एवढी कडकाई कशासाठी

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या अतिरेक्यांनी थुरायाचा फोन वापरला होता. ज्या सेवेचं भारतात गेटवे, म्हणजे जमिनीवरचं केंद्र नाही, तिच्यावरचं बोलणं देशाबाहेरच्या केंद्रातून जातं आणि इथल्या तपास यंत्रणांच्या हाती लागत नाही. कायदा मुळात जुनाच आहे: १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. विनापरवाना ट्रान्समीटर बाळगल्यास १९३३ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाच्या आकड्याला हसू नका, कैदेकडे बघा. या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा, २०२३ हा जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, आणि त्यात विनापरवाना दूरसंचार सेवा देणं किंवा जाळं उभारणं याला दोन कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

नाशिककरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, ओझरला एचएएल आणि हवाई दल. अशा परिसरात बिनकागदाचा सॅटेलाइट फोन सापडला, तर ‘ट्रेकसाठी घेतला होता’ हे पटवून देताना दिवस जाईल.

कायदेशीर मार्ग दोनच

दूरसंचार विभागाची भूमिका स्पष्ट आहे. सॅटेलाइट फोन एक तर बीएसएनएलने दिलेला असावा, नाही तर दूरसंचार विभागाची त्या फोनसाठी खास परवानगी किंवा ना-हरकत प्रमाणपत्र हातात असावं. तिसरा मार्ग नाही.

बीएसएनएलची सेवा इनमारसॅटच्या उपग्रहांवर चालते. तिचं गेटवे गाझियाबादला आहे, म्हणून तिला मान्यता. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा आधी सरकारी यंत्रणांना द्यायची आणि मग टप्प्याटप्प्याने इतरांना, असं ठरलं. हँडसेट बहुतेक वेळा आयसॅटफोन २: वजन ३१८ ग्रॅम, बोलण्याचा वेळ आठ तास, नुसता चालू ठेवला तर १६० तास. इनरीचच्या तुलनेत धोंडाच. पण कागद असलेला धोंडा बिनकागदाच्या मेसेंजरपेक्षा केव्हाही बरा.

पात्रतेचा खरा कस ‘गरज काय’ या प्रश्नावर लागतो. आपत्ती व्यवस्थापन, जहाज, खाणकाम, दुर्गम भागातलं सर्वेक्षण, नोंदणीकृत गिर्यारोहण संस्थेची हिमालय मोहीम, ही कारणं ऐकणाऱ्याला लगेच कळतात. ‘हरिहरला रविवारी जातो, तिथे रेंज नसते’ या कारणावर अर्ज करू नका. माझ्या मते अशा ट्रेकला सॅटेलाइट फोनची गरजही नाही. त्याचा उपाय पुढे येतोच. एकट्यादुकट्याने अर्ज करण्यापेक्षा संस्थेच्या नावाने करणं सोयीचं, कारण फोन संस्थेकडे राहतो आणि वर्षात वेगवेगळ्या मोहिमांना वापरता येतो. मात्र जबाबदार व्यक्ती एकच आणि लेखी नेमलेली हवी.

कागदपत्रं

अर्ज घेऊन जाण्याआधी ही फाइल तयार ठेवा:

– भरलेला ग्राहक अर्ज आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
– ओळख आणि पत्त्याचा पुरावा: आधार, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, शिवाय पॅन
– संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, असल्यास जीएसटी क्रमांक, आणि अमुक व्यक्तीला सही व वापराचे अधिकार दिल्याचा कार्यकारिणीचा ठराव
– उद्देशपत्र
– हँडसेट आधीपासून असेल तर बिल, मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक

यातलं उद्देशपत्र लोक दोन ओळींत उरकतात आणि फाइल तिथेच अडते. त्या पत्रात जागा नावानिशी लिहा: राज्य, जिल्हा, खोरं, जवळचं शेवटचं गाव. तारखा लिहा. किती माणसं, म्होरक्या कोण, फोन कोणाच्या ताब्यात राहणार, मोहीम नसताना तो कुठे ठेवणार, हे लिहा. तिथे मोबाइल का चालत नाही ते एका वाक्यात सांगा. वाटेत सीमेलगतचा भाग येत असेल आणि त्यासाठी इनर लाइन परमिट काढणार असाल, तर त्याचा उल्लेख करा. तो लपवला आणि नंतर निघाला तर शंका वाढते. मोहीम इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनमार्फत जाणार असेल, तर संपर्कसाधनांचा विषय त्यांच्याकडे सुरुवातीलाच काढा आणि त्यांच्या पत्राची प्रत जोडा. भाषा साधी ठेवा. ‘साहसी उपक्रमांना प्रोत्साहन’ वगैरे परिच्छेद कोणी वाचत नाही.

अर्ज कसा पुढे सरकतो

सुरुवात बीएसएनएलच्या नाशिक कार्यालयातून करा. नेहमीच्या सिमकार्डाच्या खिडकीवर मात्र उभे राहू नका. तिथल्या माणसाकडे दिवसाला रिचार्जवाले शंभर येतात, सॅटेलाइट फोनवाला वर्षात एखादा. ‘इनमारसॅटची सॅटेलाइट फोन सेवा’ असं नेमकं सांगून उद्योग-व्यवसाय ग्राहकांचं काम बघणारा अधिकारी कोण ते विचारा. त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सध्याचा हँडसेटचा भाव, मासिक किंवा वार्षिक भाडं, आणि मिनिटाचा दर, तोही सॅटेलाइटवरून मोबाइलला आणि सॅटेलाइटवरून सॅटेलाइटला वेगवेगळा. सेवेवर १८ टक्के जीएसटी वर लागतो, तो धरूनच हिशेब करा. घरच्यांच्या फोनवरून तुमचा नंबर लागेल का आणि त्यांना काय दर पडेल, हेही विचारा. घरी साधा रिचार्ज असलेल्या आईला हा नंबर लावताना अडचण येऊ शकते.

अर्ज दिला की पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट. पडताळणी आणि मंजुरी नाशिकबाहेर होते, त्यामुळे इथल्या अधिकाऱ्याला रोज फोन करून काही हलत नाही. आठवड्यातून एकदा पोचेचा क्रमांक सांगून विचारलेलं चालतं. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. हा अर्ज त्याच्याही बराच आधी गेलेला हवा.

बीएसएनएलकडून न घेता दुसरा फोन वापरायचा असेल, तर दिल्लीत दूरसंचार विभागाची खास परवानगी घ्यावी लागते. विभागाचे बरेचसे परवाने सरल संचार या पोर्टलवरून निघतात. तिथे वायरलेस उपकरणांसाठी स्वयंघोषणेवर मिळणारं ईटीए (उपकरणाच्या प्रकाराला मान्यता) प्रमाणपत्रही दिसेल. ते वायफाय, ब्लूटूथ यांसारख्या परवानामुक्त लहरींवरच्या उपकरणांसाठी आहे. सॅटेलाइट फोनला ते लागू होत नाही; कोणी दुकानदार ते दाखवून फोन गळ्यात मारत असेल तर सरळ उठून या.

परदेशातून येताना

नेपाळ किंवा आफ्रिकेच्या ट्रेकसाठी तिथे भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा, हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग. त्या देशाचाही नियम बघायचा; नेपाळमध्ये सॅटेलाइट फोनला परवानगी लागते. भारतात आणायचाच असेल, तर परवानगीचं पत्र निघण्याआधी हातात हवं आणि विमानतळावर कस्टम्सकडे तो घोषित करायचा. उतरल्यावर अर्ज करू, असं चालत नाही. देशातल्या देशात दिल्ली किंवा लेहला उडतानाही पत्राची छापील प्रत हँडसेटसोबतच ठेवा. मोबाइलमधली पीडीएफ नेमक्या वेळी उघडत नाही.

बीकनची वेगळी नोंदणी

बीकनवर बोलता येत नाही. बटण दाबलं की तो ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या उपग्रहांना इशारा देतो. भारतात हे इशारे इस्रोच्या बंगळुरूच्या इस्ट्रॅक केंद्रातल्या नियंत्रण कक्षात येतात. जमिनीवरची ग्रहण केंद्रं बंगळुरू आणि लखनौला आहेत. प्रत्येक बीकनला पंधरा अक्षर-अंकांची ओळख असते आणि भारताचा देश-कोड ४१९. ही ओळख, मालकाचं नाव-पत्ता आणि संकटात कळवायच्या व्यक्तींचे नंबर यांची नोंदणी त्या कक्षाकडे करावी लागते. नोंदणी नसेल तर इशारा पोचतो, पण माणूस कोण, फोन कोणाला करायचा, हे शोधण्यात वेळ जातो. परदेशी कोडचा बीकन आणला तर चौकशी आधी त्या देशाकडे जाते. हाही ट्रान्समीटरच आहे, तेव्हा वायरलेस परवानगीचं उत्तर लेखी मिळाल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि जुन्या बाजारात १२१.५ मेगाहर्ट्झचा बीकन स्वस्तात मिळाला तर घेऊ नका. उपग्रहांनी ती लहर ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे.

सह्याद्रीपुरतं

अलंग-मदन-कुलंग, साल्हेर, पेठ-सुरगाण्याकडचे आडमाप डोंगर यांसाठी बहुतेक गटांना ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले वॉकीटॉकी पुरतात. पुढचा आणि मागचा माणूस जोडलेला राहतो. खरेदी करताना फ्रीक्वेन्सी आणि ईटीए दोन्ही तपासा. बेकायदा वॉकीटॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा दिल्या होत्या, म्हणजे वेबसाइटवर मिळतंय म्हणून चालतंय असं नाही. शिवाय दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो.

फोन हातात आल्यावर

गंगापूर धरणाच्या काठासारख्या मोकळ्या जागी जाऊन आधी घरी एक कॉल करून बघा. इनमारसॅटचा उपग्रह विषुववृत्तावर स्थिर असतो, म्हणजे नाशिकहून दक्षिणेच्या बाजूला. कड्याच्या उत्तर अंगाला, पाठीशी भिंत असलेल्या जागी उभं राहून तो लागत नाही. दक्षिणेचं आभाळ उघडं दिसेल तिथे जावं लागतं. हिमालयातल्या खोल नाळेत हे आणखी जाणवतं, कारण उत्तरेकडे जावं तसा उपग्रह क्षितिजाकडे खाली झुकतो. तंबूची जागा ठरवतानाच हे बघून ठेवा.

फोन दुसऱ्या संस्थेला उसना देऊ नका, परवानगी तुमच्या नावावर आहे. पत्ता किंवा अधिकृत व्यक्ती बदलली तर बीएसएनएलला लेखी कळवा. हरवला तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार देऊन सिम बंद करून घ्या. आणि मोहिमा संपल्या, फोन नको झाला, तर जोडणी रीतसर बंद करून तसा कागद घ्या. ओएलएक्सवर टाकू नका.