गुन्हा : मराठवाड्यातील बदलत्या व्याख्या

ज्या कृत्याला त्या काळचा, त्या मुलखाचा कायदा शिक्षा सांगतो, तो गुन्हा. मराठवाड्यात एका माणसाच्या हयातीतच ही व्याख्या अनेकदा बदलली आहे.

फारसीत 'गुनाह' म्हणजे पाप. मराठेशाहीच्या निवाडापत्रांत मात्र 'गुन्हेगारी' म्हणजे हरलेल्या पक्षाने भरायचा दंड. जिंकणाराही सुटत नसे, त्याला 'हरकी' म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम सरकारात भरावी लागे. निवाडा गोतसभा, म्हणजे गावातल्या जाणत्यांची आणि भाऊबंदांची सभा करी. साक्षी-कागदांनी पेच सुटला नाही तर दिव्य, म्हणजे देवावर सोपवलेली कसोटी. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातला धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर लावत आणि ठरल्या दिवशी पंचांसमोर उघडत. भाजल्याची खूण दिसली की माणूस खोटा. आज असे करवून घेतले तर ते पंचच आरोपी होतात.

निजामाच्या राज्यात 'ताजीरात-ए-आसफिया' ही दंडसंहिता होती आणि जोडीला 'गश्ती', म्हणजे सरकारी परिपत्रके. गश्ती निशान 53 मुळे विनापरवाना सभा घेणे हाच अपराध ठरला. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती उभी राहण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. म्हणजे बार्शीत जी सभा उजळ माथ्याने घेता येई, तीच सरहद्दीपलीकडे उस्मानाबादेत घेतली की तुरुंग. तेव्हाच्या औरंगाबादेत वंदे मातरम् म्हटल्यावरून इंटरमिजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. या लढ्यातल्या बंदिवानांना पुढे स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळाले.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली, पण भारतीय दंड संहिता इथे आली ती 1 एप्रिल 1951 पासून.

वाळीत टाकणे ही जातपंचायतीची जुनी शिक्षा. 2017 पासून महाराष्ट्रात ती शिक्षा देणेच गुन्हा आहे : 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खटले अडतात ते पुराव्यावर. हुकूम तोंडी असतो आणि साक्षीदार त्याच जातीतले, म्हणून बोलायला कचरतात. त्यामुळे दंड भरल्याची चिठ्ठी, फोनवरचे निरोप, लग्नाला येऊ नका असा संदेश, असे सगळे जपून ठेवणे फार मोलाचे.

कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचा बदल आत्महत्येच्या प्रयत्नाबाबतचा. भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली त्याला वर्षापर्यंत कैद होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकली. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलमच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला. तरीही पोलिसांच्या भीतीने घरचे लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात आणि जीव जातो. दवाखान्यात पोलिसांना कळवले जाते, जबाबही होतो, पण तेवढ्याने कुणी आरोपी होत नाही.

कलम लावताना घटनेची तारीख पाहायची, तक्रारीची नव्हे. 30 जून 2024 ची चोरी जुलैत नोंदवली तरी ती जुन्या संहितेखालीच चालते. कृत्य घडले तेव्हा गुन्हा नव्हते, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 20 प्रमाणे नंतरच्या कायद्याने त्याची शिक्षा देता येत नाही.