न्युर्बुर्गरिंगची फेरी

जर्मनीच्या आयफेल डोंगररांगेत न्युर्बुर्गरिंग हा शर्यतमार्ग आहे. त्याच्या उत्तरेकडच्या वळशावर, म्हणजे नोर्डश्लाइफवर, एक फेरी पूर्ण करायला गाडीला लागलेला वेळ हा स्पोर्ट्स कार उद्योगातला सर्वांत मानाचा आणि सर्वांत वादग्रस्त मापदंड आहे. गाडी किती सक्षम, किमतीच्या मानाने किती पदरात पाडणारी आणि कोणत्या पंगतीला बसणारी, हे तिन्ही दावे कंपन्या या एकाच आकड्यावर करतात.

मार्ग १९२७ साली खुला झाला. आजची लांबी २०.८३२ किमी, सर्वांत खालच्या आणि वरच्या टोकात सुमारे ३०० मीटरचा फरक, वळणे सत्तरहून जास्त. फॉर्म्युला वनचा चालक जॅकी स्टुअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटले. १९७६ मध्ये दुसरा चालक निकी लाउडा इथे भाजून मरता मरता वाचला आणि त्यानंतर फॉर्म्युला वन नोर्डश्लाइफवर पुन्हा धावली नाही. शर्यतीला धोक्याचा ठरलेला हा रस्ता गाडी पारखायला मात्र फार चांगला. सपाट ट्रॅकवर झाकून जाणारे दोष इथे उघडे पडतात. फुक्सरोऱ्हच्या उतारावर गाडी वेगाने खाली येते आणि तळाशी सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची रचना, पुरते दबते. फ्लुगप्लाट्झच्या उंचवट्यावर चाकांवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. कारुसेल या वळणावर तर आतली चाके काँक्रीटच्या उतरत्या पट्टीत उतरवावी लागतात. तिथे लाद्यांच्या प्रत्येक सांध्याचा दणका स्टिअरिंगपर्यंत येतो आणि बॉडी किती कणखर आहे ते चालकाच्या मनगटांना कळते.

होंडाने हा धडा एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार घडवताना घेतला. फेरारी ३२८ आणि पुढे ३४८ समोर ठेवून ही गाडी आखली होती. १९८९ मध्ये नमुना चालवल्यावर फॉर्म्युला वनचा चालक आयर्टन सेनाला बॉडी पुरेशी भक्कम वाटली नाही. होंडाने न्युर्बुर्गरिंगवर चाचण्या घेऊन सांगाडा आणखी मजबूत केला. फेरारीच्या तोडीची, तरी रोज ऑफिसला नेता येईल अशी ही गाडी पुढे स्वतःच मापदंड बनली. मॅकलारेन एफ-१ ही सुपरकार आखताना तिचे रचनाकार गॉर्डन मरे यांनी चालवण्यातल्या सहजतेसाठी एनएसएक्सच नजरेसमोर ठेवली होती. स्टॉपवॉचमध्ये न मावणारी ही तुलना प्रस्तुत लेखकाला फेरीच्या वेळेइतकीच मोलाची वाटते.

सर्वांत गाजलेला वाद २००८ चा. निसानने पोर्श ९११ टर्बो डोळ्यांसमोर ठेवून जीटी-आर बनवली आणि त्या वर्षी ७ मिनिटे २९ सेकंदांची फेरी जाहीर केली. अमेरिकेत जीटी-आरची किंमत ७० हजार डॉलरच्या घरात होती, ९११ टर्बोची सव्वा लाखाच्या आसपास. पोर्शने अमेरिकेतून एक जीटी-आर विकत घेतली, स्वतःच्या चालकाकडून चालवली आणि ७ मिनिटे ५४ सेकंद लागल्याचे सांगितले. म्हणजे २५ सेकंदांचा फरक. त्या वेगाने एक किलोमीटरहून जास्त अंतर. आपली गाडी आणि टायर ग्राहकाला मिळतात तसेच होते, यावर निसान ठाम राहिली. चालक, टायर, हवा आणि रस्त्याची ओल यांनी आकडा किती हलतो, हे या भांडणाने सर्वांपुढे आले.

त्यात फेरी नेमकी कुठून कुठे मोजायची हाही प्रश्न होता. बऱ्याच कंपन्या टी-१३ या प्रेक्षक स्टँडजवळचा तुकडा वगळून २०.६ किमीच मोजत. २०१९ पासून अधिकृत वेळ पूर्ण २०.८३२ किमीची धरली जाते. हा तुकडा किरकोळ नाही. २०२१ मध्ये मांथाय कंपनीचे वेग वाढवणारे किट बसवलेल्या पोर्श ९११ जीटी-२ आरएसने एकाच फेरीत जुन्या मापाने ६:३८.८३५ आणि नव्या मापाने ६:४३.३०० अशी वेळ नोंदवली. जुना विक्रम नव्याशेजारी मांडताना हे साडेचार सेकंद विसरणे ही चूकच आहे. अधिकृत नोंदीसाठी आता नोटरी हजर असतो आणि गाडी मूळ उत्पादनाप्रमाणेच आहे का हे तपासले जाते. मर्सिडीज-एएमजी वनची २०२४ मधली ६:२९.०९० ही वेळ अशीच प्रमाणित आहे.

नवख्या कंपनीला ही फेरी नाव मिळवून देते. आपल्याकडे घरोघरी मोबाइलमुळे माहीत असलेल्या शाओमीने २०२५ मध्ये एसयू-७ अल्ट्रा ही विजेवरची चार दारांची गाडी ७:०४.९५७ मध्ये फिरवली. रिमॅक नेवेरा या कितीतरी महाग विद्युत सुपरकारची वेळ ७:०५.२९८ होती. पाव शतक गाड्या विकूनही जी ओळख मिळाली नसती, ती इथे सात मिनिटांत मिळाली.

फेरारी मात्र रस्त्यावरच्या गाड्यांच्या न्युर्बुर्गरिंगवरच्या वेळा सहसा जाहीर करत नाही. इटलीतल्या मारानेल्लोच्या कारखान्याजवळ फिओरानो हा तिचा स्वतःचा, सुमारे ३ किमीचा ट्रॅक १९७२ पासून आहे. नव्या गाडीची वेळ ती तिथलीच सांगते, आणि ती ताडून पाहायला शेजारी फक्त जुन्या फेरारीच असतात.