रहस्यकथा-मालिकांमधला चढउतार (ग्रामीण विदर्भ)

एकाच हिरोवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या पॉकेटबुकांत एक पुस्तक भन्नाट अन् पुढचं एकदम पाणचट निघतं, त्याबद्दलची ही नोंद. नमुना अर्थातच मराठी रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकर (१९०६–१९९६), हजारावर पुस्तकं, झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे हिरो, हे सगळ्यांना माहीतच आहे.

चढउतार कशामुळं, यावर दोन मतं आहेत. पहिलं असं की कथानकं इंग्रजीतून उचललेली, त्यामुळं जसं मूळ तसं पुस्तक. इंग्रज रहस्यकथालेखक एडगर वॉलेसचं ऋण साधारण सगळेच मानतात, पण तो वॉलेस स्वतःच मेणाच्या सिलिंडरवर भराभर बोलून कादंबऱ्या टाइप करून घ्यायचा, म्हणजे मूळ तरी कुठं एकसारखं होतं! शिवाय सेक्स्टन ब्लेक या इंग्रजी डिटेक्टिव्हची १८९३ पासूनची मालिका कितीतरी लेखकांनी मिळून लिहिली, तिथं फरक पडणारच, अर्नाळकरांकडं मात्र हात एकच. दुसरं मत छपाईचं: सोळा पानांचा एक फॉर्म (एका छापील कागदाची घडी), ठरलेले फॉर्म भरले की गोष्ट संपवायची. हे जास्त पटतं, कारण पडलेली पुस्तकंही निम्म्यापर्यंत झकास चालतात अन् मग शेवटच्या चार पानांत व्हिलन स्वतःच सगळं सांगून मोकळा होतो. "काहून बे, एवढ्यात संपली?" हे वाक्य त्यातूनच येतं.

पुसद, आर्वी, कारंजाकडच्या वाचनालयांत चांगलं पुस्तक कोणतं हे कपाटातच कळतं, कव्हर गेलेलं, दोऱ्यानं शिवलेलं असेल ते घ्यावं, कोरं करकरीत दिसलं तर समजून जावं. (शेवटचं पान आहे का ते आधी बघावं.)

या भागातल्या वाचकाजवळ तुलनेला हिंदीही असते. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, हिंदी वाचायची सवय तेव्हापासूनची किंवा त्याच्याही आधीची असावी. हिंदी रहस्यकथालेखक सुरेंद्र मोहन पाठकांचा हिरो विमल साधारण १९७१ पासूनचा, त्यात मागचं पुढं चालू राहतं, म्हणून एखादा भाग ढिला असला तरी वाचक पुढचा मागतोच. झुंजारचं पुस्तक ज्याच्या त्याच्या जागी संपतं, त्यामुळं फसलं की फसलं. मेरठच्या पॉकेटबुकांत एका नावाखाली अनेकजण लिहायचे, त्याचा हिशोब वेगळा. मराठी रहस्यकथाकार गुरुनाथ नाईकांचीही पुस्तकं हजारावर, फॉर्मचा मुद्दा त्यांनाही बहुधा लागू पडतो.