पंप तोच, डोस तोच, मग एका मुलाचा दमा आटोक्यात आणि दुसऱ्याचा का नाही?

दमा असलेली दोन मुलं घ्या. वय तेच, पंप तोच, डोस तोच, ओढायची पद्धतही बरोबर, आणि तरी एकाला सहा-सहा महिने अटॅक येत नाही आणि दुसरं दर पंधरवड्याला रात्री खोकत उठून बसतं. अशा वेळी पहिला संशय आईबापांवरच जातो, की औषध नीट देत नसतील, घरात कोणी सिगरेट ओढत असेल. बऱ्याचदा ते खरंही निघतं, पण दरवेळी नाही. काही मुलांचं शरीरच त्या औषधाला कमी दाद देतं आणि त्यात जीन्सचा (आईबापांकडून येणाऱ्या जनुकांचा) वाटा असतो, हे कळायला फार वर्षं गेली आणि वाटही बरीच वाकडीतिकडी होती, म्हणून ही पार्श्वभूमी लिहावीशी वाटली.

दमा घराण्यात चालतो हे लोकांना आधीपासून माहीत होतंच. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट कुक आणि अल्बर्ट व्हँडर व्हीर यांनी ॲलर्जीच्या ५०४ पेशंट्सची माहिती गोळा केली तर जवळजवळ ४८ टक्के लोकांच्या घरात आधी कोणाला तरी असाच त्रास होता. मग १९७१ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे ७००० जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्यांत एकाला दमा असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण १९ टक्के, वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जीन्सचा हात आहे हे नक्की, पण सगळे जीन्स सेम असूनही पाचातल्या चार जोड्यांत दुसऱ्याला दमा नाही, हे पण त्याच आकड्यात लिहिलेलं आहे आणि पुढची कित्येक वर्षं लोक हा दुसरा अर्धा भाग विसरत राहिले असं मला वाटतं.

पण दमा होणं वेगळं आणि झालेला दमा औषधाने आटोक्यात येणं वेगळं. हा दुसरा प्रश्न पंपांमुळे आला. १९५६ मध्ये मोजून डोस देणारा पहिला पंप बाजारात आला आणि दहाच वर्षांत भलतंच काहीतरी दिसायला लागलं. साठच्या दशकात इंग्लंड आणि वेल्समध्ये दम्याने होणारे तरुणांचे आणि मुलांचे मृत्यू वाढले, १० ते १४ वयाच्या मुलांत तर काही वर्षांत जवळजवळ आठपट, आणि बोट श्वासनळी उघडणाऱ्या आयसोप्रेनलिन या औषधाच्या जास्त ताकदीच्या पंपाकडे गेलं. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये पुन्हा तसंच, या वेळी त्याच प्रकारचं फेनोटेरॉल. १९९० मध्ये तिथल्याच माल्कम सिअर्स यांच्या टीमने दाखवलं की फेनोटेरॉल रोज नियमित घेतलं तर, लागेल तेव्हाच घेण्यापेक्षा, बहुतेकांचा दमा जास्त बिघडतो. श्वासनळी उघडणारं औषधच रोज घेतल्यावर दमा बिघडवतं हे पचायला अवघड होतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांचा बिघडला नव्हता. मग कोणाचा बिघडतो?

इथे जीन्सची खरी एन्ट्री होते. ही औषधं श्वासनळीच्या स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरवर (औषध धरणाऱ्या प्रोटीनवर) बसतात, त्यामुळे स्नायू सैल पडतात आणि नळी उघडते. त्या रिसेप्टरचा जीन १९८६ मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांच्या टीमच्या हाती लागला (दोघांना २०१२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते याच रिसेप्टर कुटुंबावरच्या कामासाठी). १९९३ मध्ये स्टीफन लिगेट यांच्या टीमला दिसलं की हा जीन सगळ्यांचा सारखा नसतो. रिसेप्टर म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात १६ व्या जागी काहींना आर्जिनीन असतं, काहींना ग्लायसीन. बस, एवढाच फरक. आईकडून एक कॉपी, बापाकडून एक, म्हणजे कोणाला दोन्ही आर्जिनीन, कोणाला दोन्ही ग्लायसीन, कोणाला एकेक.

१९९७ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ यांनी २६९ मुलांमध्ये हे तपासलं. दोन्ही आर्जिनीनवाल्या मुलांना साल्ब्युटामॉल या श्वासनळी उघडणाऱ्या औषधाच्या एका डोसने फरक पडण्याची शक्यता दोन्ही ग्लायसीनवाल्यांच्या तुलनेत पाचपटीहून जास्त निघाली. सगळ्यांना वाटलं, झालं, उत्तर सापडलं, आर्जिनीन चांगलं. पण २००० मध्ये एलियट इस्रायल यांच्या टीमने रोज नियमित साल्ब्युटामॉल घेणाऱ्या पेशंट्सचा डेटा बघितला तर बरोबर उलटं. आर्जिनीनवाल्यांची सकाळची फुंकर (जोरात फुंकून मोजलेला श्वासाचा वेग) हळूहळू कमी होत गेली, ग्लायसीनवाल्यांची नाही. २००४ च्या ट्रायलमध्ये, जिथे जीन आधी तपासून मगच पेशंट निवडले होते, तेच पुन्हा दिसलं.

यातली गंमत समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे भलेभले चकले. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ग्लायसीनवाला रिसेप्टर जास्त लवकर पृष्ठभागावरून कमी होतो, मग माणसांत आर्जिनीनवाल्यांचं का बिघडावं? लिगेट यांचं म्हणणं असं की शरीराचं स्वतःचं ॲड्रेनलिन दिवसरात्र फिरतच असतं, त्यामुळे ग्लायसीनवाल्यांचे रिसेप्टर औषध सुरू व्हायच्या आधीच बरेच कमी झालेले असतात, रोजच्या पंपाने अजून काय कमी होणार. आर्जिनीनवाल्यांचे भरपूर शिल्लक असतात, म्हणून पहिल्या डोसला झकास उत्तर मिळतं आणि रोजच्या माऱ्यात गमवायलाही त्यांच्याचकडे जास्त असतं. एकच जीन, तेच औषध, आणि एकदा घेतलं की फायदा, रोज घेतलं की तोटा. त्यामुळे "हा जीन चांगला की वाईट" असा प्रश्न विचारण्यात अर्थच नाही हे इथे पहिल्यांदा नीट दिसलं.

याच सुमारास त्याच प्रकारच्या पण जास्त वेळ टिकणाऱ्या साल्मेटेरॉलची भीती पसरली. अमेरिकेतली मोठी स्मार्ट ट्रायल २००३ मध्ये मधेच थांबवली गेली, कारण साल्मेटेरॉलच्या गटात दम्याचे मृत्यू थोडे जास्त दिसले, आणि डब्यावर कडक इशारा छापला गेला. २००६ मध्ये स्कॉटलंडमध्ये सोमनाथ मुखोपाध्याय आणि कॉलिन पामर यांच्या टीमला पाचशेहून जास्त मुलं आणि तरुणांमध्ये दिसलं की साल्मेटेरॉल घेणाऱ्या आर्जिनीनवाल्यांना अटॅक जास्त येतात. पण मोठ्या माणसांच्या ट्रायल्समध्ये, श्वासनळीची सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडसोबत हेच औषध दिलं तर जीनप्रमाणे काहीच फरक दिसेना. २०१६ मध्ये ४ ते ११ वर्षांच्या ६२०८ मुलांची ट्रायल आली, त्यात स्टेरॉइड आणि साल्मेटेरॉलचा एकत्र पंप नुसत्या स्टेरॉइडपेक्षा धोकादायक ठरला नाही, आणि २०१७ मध्ये एकत्र पंपांवरचा तो इशारा काढला गेला. म्हणजे सगळी मुलं मिळून सरासरी काढली तर औषध सुरक्षित. पण सरासरीत काही मुलं लपतात हा स्कॉटलंडवाल्यांचा मुद्दा तसाच राहिला, आणि मला तो पटतो.

स्टेरॉइडच्या पंपाची गोष्ट थोडक्यात. २००५ मध्ये १२६ मुलांना आळीपाळीने फ्लुटिकासोन (स्टेरॉइडचा पंप) आणि मॉन्टेलुकास्ट (स्टेरॉइड नसलेली गोळी) देऊन बघितलं. फुप्फुसाच्या ताकदीत ठरवलेली सुधारणा १७ टक्के मुलांत दोन्ही औषधांनी झाली, २३ टक्क्यांत फक्त फ्लुटिकासोनने, ५ टक्क्यांत फक्त मॉन्टेलुकास्टने, आणि ५५ टक्क्यांत कशानेच नाही. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा थांबते, कारण त्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कोणीतरी आपणच कुठे चुकलो का हा विचार करत बसलं असणार. २०११ मध्ये केलन टँटिसिरा यांच्या टीमला जीएलसीसीआय१ हा जीन सापडला, ज्याच्या बदललेल्या दोन्ही कॉपी असणाऱ्यांना स्टेरॉइडचा फायदा साधारण एक तृतीयांशच मिळत होता. खूप गाजला, पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तो तसा दिसला नाही.

मुलांच्या दम्यात सगळ्यात दमदार निघाला तो १७ व्या गुणसूत्रावरचा ओआरएमडीएल३ चा भाग, २००७ मध्ये सापडलेला. तो मुख्यतः लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी जोडलेला आहे. पण त्याचा प्रभाव लहानपणी सिगरेटचा धूर लागलेल्या मुलांत जास्त, आणि ज्यांना तान्हेपणी सर्दीच्या रायनोव्हायरसने घरघर झाली त्यांच्यात जास्त. पुढे हजारो मुलांच्या एकत्र डेटात दिसलं की या भागात बदल असलेल्यांना स्टेरॉइडचा पंप चालू असूनही अटॅक जास्त येतात. २०१४ मध्ये सीडीएचआर३ सापडला, जो २ ते ६ वयात हॉस्पिटलमध्ये न्यावं लागणाऱ्या मुलांत दिसतो, आणि वर्षभरातच कळलं की रायनोव्हायरस-सी हा व्हायरस पेशीत शिरायला हेच प्रोटीन वापरतो. म्हणजे जीन एकटा काही करत नाही, धूर आला, व्हायरस आला, की मग तो बोलतो.

आणि एक मोठी उणीव, हा बहुतेक डेटा युरोपीय वंशाच्या मुलांचा. अमेरिकेत पोर्तोरिकन मुलांमध्ये दमा सगळ्यात जास्त आणि साल्ब्युटामॉलचा परिणाम कमी, हे माहीत असूनही त्यांचा पूर्ण जीनोम वाचायला २०१८ उजाडलं. ज्या मुलांना सगळ्यात जास्त गरज त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, हे मला अजूनही खटकतं.

मग जीन बघून औषध दिलं तर? २०१३ मध्ये मुखोपाध्याय यांच्या टीमने ६२ आर्जिनीनवाल्या मुलांना स्टेरॉइडसोबत साल्मेटेरॉल किंवा मॉन्टेलुकास्ट वर्षभर दिलं, मॉन्टेलुकास्टवाल्यांची शाळा कमी बुडाली. २०२१ मध्ये मोठी ट्रायल आली, १२ ते १८ वयाची २४१ मुलं, निम्म्यांना जीन तपासून औषध, निम्म्यांना नेहमीसारखं. आयुष्य किती सुसह्य झालं याच्या स्कोअरमध्ये सरासरी फरक पडला ०.१६ चा, जिथे पेशंटला स्वतःला जाणवायला ०.५ लागतो. फायदा सगळ्यात जास्त दोन्ही आर्जिनीनवाल्यांना झाला. त्यात मॉन्टेलुकास्टवर २०२० मध्ये अमेरिकेत झोप, मूड आणि वागण्यावरच्या परिणामांचा कडक इशारा आला, त्यामुळे ते सरसकट बदलून देणंही सोपं राहिलं नाही. म्हणून आजही मुलाचा दमा आटोक्यात येत नसेल तर डॉक्टर आधी पंप ओढायची पद्धत, डोस चुकतायत का आणि घरातला धूर हेच बघतात, जीनची टेस्ट नेहमीच्या उपचारात नाही, आणि आता काम चाललंय ते एका जीनऐवजी शेकडो छोटे बदल, व्हायरस आणि औषध हे सगळं एकत्र मोजण्यावर.