मेमरी कंट्रोलरमधील त्रुटिदुरुस्ती

रॅममधला एखादा बिट आपोआप उलटला, म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० झाला, तर वाचतानाच तो ओळखून सुधारण्याची पद्धत. ईसीसी (एरर करेक्टिंग कोड, म्हणजे चूक सुधारणारा संकेत) या नावाने ती बाजारात ओळखली जाते. रॅमची पट्टी तपासणीचे जादा बिट फक्त साठवते, त्यांचा हिशेब मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमची देवघेव सांभाळणारे सर्किट, करतो. एएमडीने २००३ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये हा कंट्रोलर मदरबोर्डावरून प्रोसेसरच्या आत आणला. त्यामुळे ईसीसी पट्टी विकत घेतली तरी प्रोसेसर, मदरबोर्ड व बायॉस (यंत्र सुरू करणारी मूळ प्रणाली) यांचा पाठिंबा नसेल, तर जादा चिप नुसतीच बसून राहते.

तत्त्व : बेल लॅब्जमधील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेला संकेत हा याचा पाया. ४ बिटांच्या माहितीला ३ तपासबिट जोडायचे आणि ते १, २ व ४ या जागी ठेवायचे. माहिती ३, ५, ६, ७ या जागी बसते आणि खालच्या तिन्ही बेरजा सम याव्यात असे तपासबिट निवडतात. माहिती १०११ असेल, तर ७ बिटांचा पूर्ण शब्द ०११००११ असा होतो. आता सहावा बिट उलटून ०११०००१ झाला असे समजा. १, ३, ५, ७ या जागांवरच्या बिटांची बेरीज सम येते, म्हणून ०. २, ३, ६, ७ यांची विषम, म्हणून १. ४, ५, ६, ७ यांचीही विषम, म्हणून १. दुसऱ्या तपासणीचे २ आणि तिसरीचे ४ मिळून ६ होतात, म्हणजे चूक सहाव्या जागी. या उत्तराला सिंड्रोम म्हणतात. तो शून्य आला तर शब्द निर्दोष मानला जातो.

वेगाचा प्रश्न : सर्व्हरमध्ये ६४ बिटांमागे ८ तपासबिट असतात. एक चूक सुधारायला ७ पुरतात, आठव्यामुळे दोन चुका ओळखता येतात. मात्र आठवा बिट म्हणून सगळ्या ७२ बिटांची एकत्र समता (१ ची संख्या सम की विषम) घेतली, तर तेवढी एकच तपासणी दोन-दोन इनपुटच्या एक्सॉर गेटांचे (बेरीज सम की विषम ते सांगणाऱ्या सर्किटांचे) ७ थर मागते आणि प्रत्येक वाचन तिच्यासाठी खोळंबते. आयबीएमच्या एम. वाय. शाओ यांनी १९७० मध्ये यावर फार देखणा तोडगा दिला. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक तपासणीला एक ओळ, प्रत्येक बिटाला एक स्तंभ आणि बिट ज्या तपासणीत येतो तिथे १. प्रत्येक स्तंभात १ ची संख्या विषम असते : ८ तपासबिटांना एकेक, ५६ माहितीबिटांना तीन-तीन, उरलेल्या ८ माहितीबिटांना पाच-पाच. एकूण २१६ आणि ते ८ ओळींत अगदी समान, प्रत्येकी २७. म्हणजे ५ थरांत काम होते, तीन इनपुटचे गेट वापरले तर ३ थरांत. शिवाय सिंड्रोममध्ये १ विषम असतील तर एक चूक, सम असतील तर दोन, हा निवाडा जागीच होतो.

मर्यादा : एकाच शब्दात तीन बिट बिघडले, तर सिंड्रोम पुन्हा विषम येतो. विषम सिंड्रोम १२८ आहेत आणि त्यांतले ७२ कुठल्या ना कुठल्या बिटाचे आहेत. त्यामुळे कंट्रोलर निर्धास्तपणे चौथाच बिट उलटवण्याचा धोका असतो. पत्त्याच्या, म्हणजे मेमरीतली जागा सांगणाऱ्या, तारेतला दोषही हा संकेत पकडत नाही, कारण चुकीच्या जागेचा शब्द स्वतःपुरता शुद्धच असतो. त्यासाठी डीडीआर४ या रॅमच्या पिढीमध्ये आदेश व पत्त्याच्या तारांवर वेगळी समता आहे. एखादी चिप पूर्ण गेली तरी चालू राहण्यासाठी चिपकिल प्रकारचे संकेत चिपच्या सगळ्या बिटांना मिळून एक चिन्ह मानतात. पुढच्या पिढीच्या डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये १२८ बिटांमागे ८ तपासबिटांची अंतर्गत दुरुस्ती असते, पण चिप ते कंट्रोलर या प्रवासाला तिचे संरक्षण नाही. जाहिरातीतले ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच’ हे वाक्य त्यामुळे दिशाभूल करणारे आहे.

वाचल्या न गेलेल्या जागी आज एक आणि महिन्याने दुसरी चूक साचू नये, म्हणून पॅट्रोल स्क्रबिंग असते. कंट्रोलर फुरसतीत सगळी मेमरी वाचून, सुधारून परत लिहितो. बायॉसमध्ये ते बंद असेल तर चालू करावे.

कारणे आणि कोकणची हवा : चिपच्या आवरणातील अल्फा कणांमुळे बिट उलटतात, हे इंटेलमधील मे व वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. दुसरे कारण वैश्विक किरणांतून येणारे न्यूट्रॉन. त्यांचा मारा उंचीबरोबर वाढतो. महाबळेश्वरी तो समुद्रसपाटीच्या दुपटीहून जास्त, म्हणून वेंगुर्ल्याच्या सर्व्हरला या बाबतीत झुकते माप आहे. किनाऱ्यावरचा खरा त्रास खाऱ्या हवेचा. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून विरघळू लागते आणि पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात हवा दिवसचे दिवस त्याहून दमट असते. पट्टीच्या कॉन्टॅक्टवरचा सोन्याचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचे निकेल व तांबे गंजतात. बाहेर २८ अंश व ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. २० अंशांना गार केलेल्या खोलीची खिडकी अशा वेळी उघडली, की यंत्राच्या गार धातूवर दव धरते. पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या छोट्या सर्व्हर-खोलीत लाइट गेल्यावर नेमके हेच होते.

ओळख : लिनक्समध्ये एडॅक ही उपप्रणाली सुधारलेल्या चुका सीई आणि न सुधारता आलेल्या यूई अशा वेगळ्या मोजते. एका पत्त्यावर एकदाच आलेली चूक किरणांची म्हणून सोडून देता येते. तोच पत्ता किंवा चिपमधली तीच ओळ पुन्हा पुन्हा आली तर चिपची पेशी खराब. पत्ते वेगवेगळे, पण बिट तोच असेल तर कॉन्टॅक्टचा संशय घ्यावा. किनाऱ्यावर हा तिसरा नमुना दिसला, तर ‘दुरुस्त होतंय ना’ म्हणून थांबू नये. त्याच शब्दात दुसरा बिट गेला की यूई येते आणि यंत्र बंद पडते.

उपाय : वीज पूर्ण तोडून, हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून पट्टी काढावी. खोडरबराने घासण्याची सवय सर्वत्र आहे, पण त्याने सोनेच झिजते आणि भुगा स्लॉटमध्ये जातो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने कॉन्टॅक्ट एकाच दिशेने पुसावेत आणि पूर्ण सुकू द्यावेत. मग दुसऱ्या स्लॉटमधल्या पट्टीशी तिची अदलाबदल करावी. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी बदलावी, जुन्याच स्लॉटला राहिली तर दोष स्लॉटचा किंवा प्रोसेसरच्या सॉकेटचा. दोन्ही ठिकाणी चूक नाहीशी झाली तर कॉन्टॅक्टच मळले होते आणि खोलीची आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवली नाही तर ती परत येईल. ही सफाई आगोटीपूर्वी उरकावी, कारण भर पावसात उघडलेला स्लॉट स्वतःच ओल धरतो. शेवटी मोजणी शून्यावर आणून स्क्रबिंगची एक पूर्ण फेरी, बहुधा २४ तास, होईपर्यंत सीईचा आकडा पाहावा.