ट्यूडर: आजोबांच्या नावाचे राजघराणे

इंग्लंडवर १४८५ ते १६०३ अशी ११८ वर्षे राज्य केलेल्या घराण्याचे नाव खरे तर मेरेदिथ पडायचे. हे घराणे मूळचे वेल्सचे, आणि वेल्श लोकांत तेव्हा आडनावांची रीत नव्हती. स्वतःचे नाव, मग 'अप' म्हणजे 'चा मुलगा', मग बापाचे नाव, त्यापुढे पुन्हा 'अप' आणि आजोबाचे. घराण्याचा मूळपुरुष ओवेन अप मेरेदिद अप तुदुर. इंग्रज कारकुनांनी त्याला कधी बापाच्या नावाने नोंदवले, कधी आजोबाच्या. टिकला तो आजोबा.

घराणे मात्र साधे नव्हते. अँगल्सी बेटावरच्या या मंडळींचा पूर्वज एडनिवेद हा तेराव्या शतकात थोरला लुएलिन या वेल्श राजाचा कारभारी होता. पण १४०० मध्ये ओवेन ग्लिनडूर या दुसऱ्या वेल्श सरदाराने इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले आणि हे सगळे त्यात उतरले. १४०१ च्या गुड फ्रायडेला शिबंदी चर्चमध्ये प्रार्थनेला गेलेली पाहून ओवेन अप मेरेदिदच्या दोन चुलत्यांनी वेल्समधला कॉन्वीचा किल्ला घेतला. बंड फसले, जमिनी गेल्या. वर नव्या कायद्यांनी वेल्श माणसाला इंग्लंडात जमीन विकत घ्यायची बंदी केली. अशा घरातला हा पोरगा दरबारी चाकरीत शिरला.

इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री १४२२ मध्ये वारला तेव्हा त्याची फ्रेंच राणी कॅथरिन विशीतच होती आणि गादीवर तिचे नऊ महिन्यांचे बाळ, सहावा हेन्री. ती कुणा बड्या सरदाराशी लग्न करील या धास्तीने संसदेने कायदा केला: राजमातेने राजाच्या संमतीनेच लग्न करावे, आणि ती संमती राजा सज्ञान झाल्यावरचीच. राजा जेमतेम सहा वर्षांचा! कायदा मोडून तिच्याशी लग्न करणाऱ्याची मालमत्ता जप्त. ओवेनकडे जप्त करण्याजोगे होतेच काय? नाचताना तोल जाऊन तो तिच्या मांडीवर पडला, ही कथा नंतरच्यांनी रंगवलेली दिसते. लग्न गुपचूप झाले, एडमंड आणि जॅस्पर ही मुले झाली, आणि १४३२ मध्ये संसदेनेच ओवेनला इंग्रजांचे हक्क दिले.

१४३७ च्या जानेवारीत कॅथरिन गेली आणि ओवेनचे कवच गेले. न्यूगेटचा तुरुंग, पलायन, पुन्हा अटक, अखेर माफी. सावत्र भावांना मात्र सहाव्या हेन्रीने अर्ल केले. एडमंडचे लग्न राजवंशातल्या मार्गारेट ब्यूफोर्टशी लागले. तो १४५६ मध्ये वारला, आणि तीन महिन्यांनी पेम्ब्रोकच्या किल्ल्यात अवघ्या तेरा वर्षांच्या मार्गारेटला मुलगा झाला. हाच पुढचा सातवा हेन्री.

त्याच्या आजोबाला, ओवेनला, ते दिवस दिसले नाहीत. फेब्रुवारी १४६१ मध्ये गादीसाठीच्या यादवीत मॉर्टिमर्स क्रॉसच्या लढाईत सहाव्या हेन्रीचा लँकेस्टर पक्ष हरला आणि ओवेन पकडला गेला. हेरफर्डच्या बाजारात आणले तरी आपल्याला सोडतील असेच त्याला वाटत होते. कुऱ्हाड आणि ओंडका दिसला, तांबड्या मखमली अंगरख्याची गळपट्टी फाडली गेली, तेव्हा कुठे उमगले. राणी कॅथरिनच्या मांडीवर विसावणारे हे डोके आता ओंडक्यावर पडणार, असे तो म्हणाल्याचे त्या काळची बखर सांगते. डोके बाजारातल्या क्रुसाच्या सर्वांत वरच्या पायरीवर ठेवले. एका वेड्या बाईने त्याचे केस विंचरले, तोंडावरचे रक्त धुतले आणि भोवती शंभरावर मेणबत्त्या लावल्या.