गळत नाही असे वाटणारे मेकॅनिकल सील

पंपाची मोटर बाहेर असते आणि द्रव ढकलणारा इम्पेलर केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या कवचाच्या आत, त्यामुळे दोघांना जोडणारा शाफ्ट केसिंगच्या भोकातूनच आत न्यावा लागतो. मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेणाऱ्या या शाफ्टभोवतीची फट बुजवायची कशी, याचे जुने उत्तर म्हणजे ग्लँड पॅकिंग: ग्राफाइट लावलेल्या चौकोनी दोरीचे वेढे शाफ्टभोवती बसवायचे आणि त्यांना दाबून धरणाऱ्या झाकणाचे, म्हणजे ग्लँडचे, नट आवळायचे. या दोरीतून थोडे पाणी टपकत राहणे हा बिघाड नसतो, कारण तेच पाणी तिला थंड ठेवते. नवख्या हातांनी थेंब थांबवायला नट जास्त आवळले की दोरी करपते आणि शाफ्टवर चरे पडतात.

मेकॅनिकल सीलमध्ये घासण्याची जागाच बदललेली असते. शाफ्टबरोबर फिरणारी एक कडी आणि केसिंगच्या झाकणात स्थिर बसवलेली दुसरी कडी तोंडाला तोंड लावून उभ्या असतात. स्प्रिंग आणि आतल्या द्रवाचा दाब त्यांना एकमेकींकडे रेटत राहतात, तर कड्यांच्या मागून पळवाट शोधणाऱ्या द्रवाला ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल कड्या, अडवतात. कड्यांच्या या समोरासमोरच्या तोंडांना फेस म्हणतात. बहुतेक जोड्यांत एक फेस कार्बनचा आणि दुसरा सिरॅमिकचा किंवा सिलिकॉन कार्बाइडचा असतो. हे फेस किती सपाट असावेत? सपाट काचेखाली ठेवून हेलियमच्या प्रकाशात पाहिल्यास फेसवर काळे पट्टे दिसतात आणि प्रत्येक पट्टा 0.29 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चढउतार दाखवतो. चांगल्या फेसचा सपाटपणा अशा दोन-तीन पट्ट्यांतच मोजला जातो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची नजाकत कळते.

एवढे करूनही फेस एकमेकांना पूर्ण चिकटत नाहीत. त्यांच्यामध्ये जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास जाडीचा द्रवाचा पापुद्रा शिरतो आणि वंगणाचे काम करतो. त्यातून बाहेर येणारा अंश इतका थोडा असतो की पाण्याच्या बाबतीत त्याची वाफ होऊन जाते. म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर हे सीलही गळतेच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. पंप कोरडा चालला की हा पापुद्रा नाहीसा होतो आणि फेस पाहता पाहता तापतात. अशा पंपातले सील उघडले तर कार्बनवर गोल खाचा आणि कठीण फेसवर मध्यापासून काठाकडे गेलेल्या बारीक भेगा दिसतात. तापलेल्या सिरॅमिकवर अचानक थंड पाणी आले, तर ते तडकतेच.

सीलचे बहुतेक प्रकार हा पापुद्रा सांभाळण्याच्या धडपडीतूनच आले आहेत. अनबॅलन्स्ड सीलमध्ये द्रवाचा दाब कडीच्या पाठीवर पूर्ण ताकदीने पडतो, म्हणून साधारण 10 बारपुढे (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब) फेस फार आवळले जाऊन पापुद्रा पिळून निघतो. बॅलन्स्ड सीलमध्ये शाफ्टला किंवा त्यावर चढवलेल्या नळीला, म्हणजे स्लीव्हला, पायरी देऊन दाब झेलणारे क्षेत्रफळ फेसच्या क्षेत्रफळाच्या 65 ते 85 टक्क्यांवर आणतात आणि तो जाच कमी होतो.

फेस झिजत जातात तशी स्प्रिंगने ढकललेली कडी पुढे सरकावी लागते. पुशर सीलमध्ये तिच्याबरोबर ओ-रिंगही शाफ्टवर घसरते. द्रव साखरेच्या पाकासारखा चिकट किंवा स्फटिक धरणारा असेल तर ती अडकून बसते आणि फेस उघडेच राहतात. बेलो सीलमध्ये घसरणारी ओ-रिंगच नसते, पेटीच्या भात्यासारखा रबराचा किंवा धातूचा बेलो लवचिकपणे हे काम करतो. रबर टिकत नाही अशा तापलेल्या तेलासाठी वेल्ड केलेल्या धातूच्या पत्र्यांचा बेलो वापरतात.

विषारी किंवा पेट घेणाऱ्या द्रवासाठी तेवढीशी गळतीही परवडत नाही. तेथे एकामागे एक दोन सील बसवून मधल्या जागेत निरुपद्रवी द्रव भरतात; त्याचा दाब पंपातल्या द्रवापेक्षा जास्त ठेवला की गळेल तो निरुपद्रवी द्रवच, मग तो आत गळो वा बाहेर.

सर्वात नवलाचा प्रकार मोठ्या गॅस कॉम्प्रेसरमधला ड्राय गॅस सील. त्याच्या एका फेसवर काही मायक्रॉन खोलीच्या वळणदार खाचा कोरलेल्या असतात. शाफ्ट वेग घेताच त्या गॅस आत ओढून दाबतात आणि फेस एकमेकांपासून तीन-चार मायक्रॉन उचलले जाऊन न टेकता फिरू लागतात. एकाच दिशेसाठी कोरलेल्या खाचांचा शाफ्ट उलटा फिरला, तर मात्र हा गॅसचा पापुद्रा नीट तयार होत नाही आणि फेस एकमेकांवर घासतात.